वस्त्यांची जातिवाचक नावे, सन्मानाचे शब्द आणि ते ठरवण्याचा अधिकार

मृद्गंध_५२ :
डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा, माळी गल्ली ही नावे जाऊन समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे यावीत, असे त्या वेळी सुचवण्यात आले होते. आमच्या तालुक्यात त्यानुसार बऱ्याच पाट्या बदलल्या. अलीकडे आमच्या वाचनालयात या विषयावर चर्चा झाली, तेव्हा एका सुशिक्षित गृहस्थांनी हा सगळा प्रकार म्हणजे ‘पॉलिटिकल करेक्टनेस’चे, म्हणजे कोणी दुखावू नये म्हणून शब्द जपून वापरण्याच्या आग्रहाचे, थोतांड आहे, असे सांगून विषय मिटवला आणि सभेत त्यावर कोणी अवाक्षर काढले नाही. मला ते फार खटकले, म्हणून हा धागा काढत आहे.

माझे मत असे की, ज्याला हाक मारायची त्याला ती हाक कशी हवी, हे ठरवण्याचा पहिला हक्क त्याचाच आहे. सरकारी आदेशाने जुनी पाटी उतरते, आणि ती उतरवलीच पाहिजे; पण नवा शब्द कोणता असावा हे वरून ठरू लागले की सन्मानाच्या नावाखाली पुन्हा नाव ठेवणेच सुरू होते. सदस्यांना हे पटते का? आपापल्या गावी काय घडले, तेही कृपया लिहावे.

तर्ककठोर :
मला पटत नाही आणि त्याची कारणे मी स्पष्ट लिहितो. शब्दाला चिकटलेला कमीपणा समाजाच्या मनात असतो; शब्द बदलला तरी तो नव्या शब्दावर येऊन बसतो. आधी पांगळा होता, मग अपंग झाला, मग विकलांग, आता दिव्यांग. एवढे शब्द झिजवूनही तहसील कार्यालयाच्या पायऱ्यांशेजारी रॅम्प बांधलेला नसतोच. वस्त्यांचेही तेच. ज्या वस्तीत गटाराचे पाणी घरापुढून वाहते, तिला समतानगर म्हटल्याने तिथल्या माणसाच्या पदरात काय पडले? नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. शब्दांवर पहारा ठेवणे सरकारला स्वस्तात पडते, म्हणून सरकार ते करते, असे माझे ठाम मत आहे. शिवाय अशा पहाऱ्यामुळे माणसे मोकळेपणाने बोलायची थांबतात आणि मनातला तिरस्कार मनातच मुरत राहतो.

निळाई :
तर्ककठोर, गटाराबद्दल आपण लिहिले ते खरे आहे, आणि त्या गटाराकाठीच मी लहानाची मोठी झाले आहे. तरीही पाटी बदलणे स्वस्त आहे, हे मला मान्य नाही. बारावीनंतर पुण्यात वसतिगृहाचा अर्ज भरताना पत्त्याच्या रकान्यात गावाच्या आधी वस्तीचे नाव लिहावे लागले होते. खिडकीपलीकडच्या बाईंनी तो पत्ता मोठ्याने वाचला, मान वर केली, मागच्या रांगेकडे पाहिले आणि मग माझ्याकडे. त्या एकही वावगा शब्द बोलल्या नाहीत. पुढचे वर्षभर मी पत्ता लिहिताना वस्तीचे नाव गाळत असे आणि त्यापायी घरून आलेले एक टपाल परत गेले. आता माझी भाची त्याच गावाचा पत्ता लिहिते, तेव्हा तिला काही गाळावे लागत नाही. एवढ्याने जात गेली असे मी म्हणत नाही. मात्र सरकारी कागदाने तिची जात उघडी करणे थांबले आणि ते थांबवणे सरकारचेच काम होते.

दुसरे असे की, शब्दांचा हा आग्रह कोणा शहरी विद्वानाने परदेशातून आणलेला नाही. बाबासाहेबांनी १९२० मध्ये पाक्षिकाला ‘मूकनायक’ नाव दिले, १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ आले, १९३० मध्ये ‘जनता’ आणि १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’. ही नावे नुसती क्रमाने वाचली तरी समाज स्वतःकडे कसा पाहत गेला ते दिसते. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत स्थानिक मंडळांच्या कायद्यातील दुरुस्तीत ‘हरिजन’ हा शब्द घालण्यात आला, तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाच्या सदस्यांनी त्याला हरकत घेतली आणि बहुमताने तो शब्द लादला जातो आहे असे दिसताच ते बाबासाहेबांसह सभागृहाबाहेर पडले. शब्द गोड होता, देवाचे नाव घेणारा होता. पण तो दुसऱ्यांनी दिलेला होता. मृद्गंध यांचा मुद्दा त्या दिवशीच सभागृहात मांडून झालेला आहे.

सह्याद्रीपुत्र :
मग ‘दलित’ शब्दाचे काय? २०१८ मध्ये तोही वापरू नका असे सरकारने सांगितले होते ना? जो शब्द चळवळीने अभिमानाने मिरवला, तो कोणत्या न्यायाने काढायचा?

वकील_नागपूर :
सह्याद्रीपुत्र, घटनाक्रम असा आहे. मार्च २०१८ मध्ये केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने सरकारी व्यवहारात ‘अनुसूचित जाती’ हीच संज्ञा वापरावी, असे राज्यांना कळवले. जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे एका याचिकेत हा विषय आला आणि माध्यमांनाही तशी सूचना देण्याचा विचार करावा, असे न्यायालयाने माहिती व प्रसारण मंत्रालयाला सांगितले. त्यानंतर ऑगस्टमध्ये खासगी दूरचित्रवाहिन्यांसाठी सल्लापत्र निघाले.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. दाखला, अर्ज, शासन निर्णय यांत राज्यघटनेची संज्ञा असणे योग्यच आहे, कारण तिथे शब्दावर हक्क अवलंबून असतो. मात्र १९७२ मध्ये मुंबईत ज्या तरुणांनी दलित पँथर उभी केली, त्यांनी तो शब्द सोसलेल्या अन्यायाचा जाब विचारण्यासाठी निवडला होता. ‘अनुसूचित जाती’ म्हटले की एक यादी डोळ्यांपुढे येते. ‘दलित’ म्हटले की कोणी दळले, हा प्रश्न लगेच उभा राहतो. तो प्रश्न बातम्यांतून नाहीसा व्हावा, अशी सूचना निघणे मला गंभीर वाटते.

आणि तर्ककठोर, शब्द बदलल्याने काही होत नाही, हे कायद्याच्या बाबतीत तरी टिकत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांतील जातीवर आधारलेल्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. स्वयंपाक कोणी करायचा आणि संडास कोणी साफ करायचे, हे नियमावलीतल्या शब्दांवरून ठरत होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाल्यानंतरही ‘सराईत गुन्हेगार’ अशा शब्दांच्या आडून विमुक्त जमातींच्या माणसांवर बसत राहिला. कागदावरचा शब्द माणसाच्या हातात झाडू देतो, हे मी तुरुंगातल्या अशिलांकडून ऐकलेले आहे.

अंतर्नाद :
मी जन्मापासून दृष्टिहीन आहे आणि बँकेत अधिकारी म्हणून काम करतो. तर्ककठोर यांनी आमच्या शब्दांची जी माळ दिली, तिच्यात एक गोष्ट सांगायची राहिली. ‘दिव्यांग’ हा शब्द आम्ही मागितला नव्हता. पंतप्रधानांनी डिसेंबर २०१५ मध्ये ‘मन की बात’मध्ये तो सुचवला, अपंगांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या अनेक संघटनांनी त्यावर जाहीर हरकत घेतली, तरीही पुढच्या वर्षी केंद्रातल्या विभागाच्या नावात तो आला. माझ्या डोळ्यांत दिव्य असे काहीही नाही. मला दिव्यत्व बहाल केले की माझ्या अडचणी हा समाजाचा प्रश्न राहत नाही, माझ्या अंगच्या चमत्काराची कथा होते, आणि हे मला आंधळा म्हणण्यापेक्षाही जास्त दुखावते.

याउलट २०१६ चा कायदा पाहा. त्यात अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले, सरकारी नोकऱ्यांतील आरक्षण ३ टक्क्यांवरून ४ टक्के झाले. तेजाबहल्ल्यात जखमी झालेल्या व्यक्ती, थॅलेसेमियाचे रुग्ण, पार्किन्सनचे रुग्ण यांना कायद्यात नाव मिळाले म्हणून दाखला मिळू लागला. शब्दांचा खरा उपयोग असा असतो.

‘आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं’ ही म्हण कोणी माझ्यासमोर वापरली तर मला राग येत नाही, हेही नोंदवतो. म्हण वापरणारा माझ्याविषयी बोलत नसतो. पण शाखेत एक ग्राहक माझ्या सहकाऱ्याला विचारतो, “यांना सही कुठे करायची ते कळतं का?” त्या प्रश्नात एकही निषिद्ध शब्द नाही, आणि अपमान पुरेपूर आहे.

रेवा_कोल्हापूर :
अंतर्नाद यांच्या लेखनाला जोडून लिहिते. एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या तत्कालीन महिला व बालविकास मंत्र्यांनी ‘विधवा’ऐवजी ‘गंगा भागीरथी’ ही संज्ञा वापरण्याच्या प्रस्तावावर चर्चा करावी, असे पत्र विभागाला दिले. महिला संघटनांनी जोरदार विरोध केला, तेव्हा हा केवळ चर्चेसाठीचा प्रस्ताव होता, असे सांगण्यात आले. आपल्याकडे लग्नपत्रिकेत नवरा हयात असलेल्या बाईच्या नावाआधी सौ. आणि नसलेल्या बाईच्या नावाआधी गं. भा. छापले जाते. पत्रिका हातात पडताच कोणती आत्या ओवाळायला पुढे येणार आणि कोणती मागच्या खोलीत बसणार, हे दोन अक्षरांत कळते. तेच पवित्र नदीचे नाव सरकारी कागदावर आणून सन्मान कसा होणार होता?

याच्या वर्षभर आधी, मे २०२२ मध्ये, आमच्या जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने नवरा गेल्यावर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्यास सांगणारे परिपत्रक काढले. हेरवाडने नव्या शब्दाचा शोध घेतला नाही. आमच्या बचतगटातल्या बायका ‘एकल महिला’ म्हणतात, कारण त्यात नवरा गेलेली, टाकलेली, घटस्फोटित आणि लग्न न केलेली अशा सगळ्या येतात आणि योजनांसाठी एकत्र भांडता येते. शब्द त्यांच्या लढ्यातून आला आहे, म्हणून तोंडात बसला आहे.

बखरकार :
मी भाषेचा निवृत्त शिक्षक आहे आणि मला एक वेगळी चिंता वाटते. जुन्या कागदपत्रांत, म्हणींत, ओव्यांत जातींची नावे जागोजागी आहेत. ‘गाव तिथे महारवाडा’ ही म्हण आज वर्गात उच्चारायची की नाही, असे एका तरुण शिक्षिकेने मला विचारले. माझे उत्तर असे की, ती अवश्य शिकवावी, पण अर्थासकट. गावाच्या एका भागाला कमी लेखण्यासाठी भाषेने काय काय रचले होते, हे मुलांना कळले पाहिजे. जुने ग्रंथ छापताना शब्द बदलणे किंवा गाळणे हा मात्र पुरावा नष्ट करण्यासारखा अपराध आहे. पुढच्या पिढीला ग्रंथांत फक्त समतानगरेच सापडली, तर महाडला १९२७ मध्ये चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह का करावा लागला, हे तिला कसे समजणार?

निळाई :
बखरकार सर, याबाबत मी पूर्णपणे तुमच्या बाजूची आहे. आमच्या वस्तीतली वडीलधारी मंडळी स्वतः ‘आपला महारवाडा’ म्हणतात आणि त्यात माया असते. तोच शब्द पाटलांच्या ओट्यावरून आला की सगळ्यांना वेगळा ऐकू येतो. म्हणूनच अत्याचार प्रतिबंधक कायदाही नुसता शब्द पाहत नाही. कोणी, कोणाला, चारचौघांत, कोणत्या हेतूने म्हटले, ते पाहतो.

पूर्वरंग :
चर्चा सन्मानाच्या शब्दांवर चालली आहे, पण राजकारणातल्या भारलेल्या शब्दांचा विचार केल्याशिवाय ती पुरी होणार नाही. ‘पॉलिटिकल करेक्टनेस’ हाच असा एक शब्द आहे. अमेरिकेतल्या डाव्या गटांत तो आपापसांत टोकण्यासाठी वापरला जाई; १९९० च्या सुमारास त्यांच्या विरोधकांनी तो उचलला आणि कोणत्याही समतावादी मागणीवर फेकायला सुरुवात केली. मृद्गंध यांच्या वाचनालयात नेमके हेच घडले. तो शब्द उच्चारला की मागणी योग्य की अयोग्य, हे तपासायची गरजच उरत नाही.

आपल्याकडचे शब्द पाहा : अर्बन नक्षल, टुकडे टुकडे गँग, अंधभक्त, फुरोगामी, आंदोलनजीवी. शेवटचा तर फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्यसभेत पंतप्रधानांच्या भाषणातून आला, शेतकरी दिल्लीच्या सीमेवर बसलेले असताना. जुलै २०२२ मध्ये लोकसभा सचिवालयाच्या असंसदीय शब्दांच्या संकलनात ‘जुमलाजीवी’ (पोकळ आश्वासनांवर जगणारा) शब्द आला तेव्हा विरोधकांनी गदारोळ केला. दोन्ही बाजूंना आपला शब्द टीका वाटतो आणि दुसऱ्याचा शब्द शिवी वाटते. माझी कसोटी साधी आहे. जो शब्द वापरल्यावर समोरच्याचे म्हणणे ऐकण्याची आवश्यकता संपते, तो शब्द लोकशाहीला घातक आहे, मग तो माझ्या पक्षाचा का असेना. वस्तीच्या पाटीवर ‘समता’ लिहिणारे आणि निवडणुकीत वस्तीला ‘व्होट बँक’ म्हणणारे लोक पुष्कळदा तेच असतात, हेही विसरून चालणार नाही.

सागरपार :
मी बरीच वर्षे न्यू जर्सीत राहतो. वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघाचे नाव मूळ अमेरिकी लोकांना अपमानास्पद असल्याची तक्रार कित्येक दशके होती. २०२० मध्ये ते नाव काढले गेले, तेव्हा प्रायोजक कंपन्यांचा दबाव निर्णायक ठरला. इथल्या आपल्याच लोकांत मात्र जातीचा विषय काढला की “इथे कुठे आहे जात?” असे ऐकू येते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल शहराने भेदभावविरोधी कायद्यात जातीचा उल्लेख घातला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात तशा विधेयकावर गव्हर्नरांनी सही नाकारली. त्या काळात आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या ओळखीपाळखीच्या माणसांनी ‘जात’ हा शब्द कायद्यात नको, त्याने समाजाची बदनामी होते, असा युक्तिवाद केला. शब्द नको म्हणणारे नेहमी दुर्बलच असतात असे नाही, म्हणून हे लिहिले.

तर्ककठोर :
सर्वांचे वाचले. तुरुंगाच्या नियमावलीचे उदाहरण वजनदार आहे. परंतु तिथे न्यायालयाने कामाची वाटणी रद्द केली, हे विसरू नये. माझा आग्रह आजही असा आहे की, नावाचा ठराव आणि गटाराचा ठराव एकाच सभेत, एकाच कागदावर यावा. तसे झाले तर मी टाळ्या वाजवीन. मृद्गंध यांनी विचारले होते की गावोगावी काय घडले. त्याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

पंचायत_सेवक :
ते उत्तर मी देतो, कारण पाट्या रंगवून घेण्याचे काम माझ्यासारख्यांनीच केले आहे. पाटी बदलायला एक दुपार लागते. त्यानंतर घरपट्टीच्या नोंदवहीत, मतदार यादीत, रेशनकार्डावर, शाळेच्या दाखल्यावर आणि आधारवर ते नाव बदलताना माणसे हेलपाटे घालून दमतात. एकाच घरात बापाच्या कार्डावर जुने नाव आणि मुलीच्या कार्डावर नवे, मग शिष्यवृत्तीच्या अर्जाला त्रुटी लागते.

त्याहून अवघड भाग ग्रामसभेचा असतो. मी काम केलेल्या एका गावात वस्तीतल्या लोकांना ‘भीमनगर’ हवे होते. बाकीच्या गावाने ‘समतानगर’ घ्या म्हणून धरून बसणे पसंत केले. वरवर पाहता दोन्ही नावे चांगली आणि दोन्ही सरकारच्या सुचवलेल्या नावांतली आहेत. पण हात वर करून मोजणी झाली तेव्हा वस्तीची मते कमी पडली, आणि जे लोक त्या पाटीखाली राहणार नव्हते त्यांच्या बहुमताने तिचे नाव ठरले. एक आजोबा उठून एवढेच म्हणाले, “नाव आमचं, बोट तुमचं.” निळाई ताईंनी १९३८ चा प्रसंग सांगितला, तेव्हा मला तेच आठवले. ज्यांना वाटते की नावासाठी कोण एवढे भांडतो, त्यांनी मराठवाडा विद्यापीठ आठवावे. जुलै १९७८ मध्ये विधिमंडळाने त्याला बाबासाहेबांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा ठराव केला आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. मधल्या काळात दलित वस्त्या जळाल्या आणि माणसे मारली गेली.

मृद्गंध_५२ :
पंचायत सेवक, मी विचारले त्याचे मर्म आपण सांगितलेत. मग यावर उपाय काय? ग्रामसभेचे बहुमत टाळून वस्तीला स्वतःचे नाव कसे निवडता येईल?

पंचायत_सेवक :
जे आम्ही नंतर दुसऱ्या गावात केले ते सांगतो. ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घ्यावीच लागते. त्या सभेत वस्तीतल्या बायकांनी स्वतः नाव मांडले आणि ते इतिवृत्तात लिहून घेतले. शिवाय वस्तीतल्या प्रत्येक घराच्या सहीचा किंवा अंगठ्याचा अर्ज आधी घेतला आणि तो प्रस्तावाला जोडला. मुख्य सभेत सरपंचांनी ‘कोणते नाव हवे’ असे विचारलेच नाही. वस्तीने निवडलेले नाव मान्य आहे का, एवढेच विचारले. चारचौघांत, लेखी अर्ज समोर असताना, नाही म्हणायला कोणी उठले नाही. तर्ककठोर यांच्यासाठी लिहितो : त्याच अर्जात बंद गटाराची मागणीही होती, ती आराखड्यात घेतली गेली आणि गटाराचे काम सध्या अर्ध्यावर आले आहे. दाखले आणि रेशनकार्डे यांसाठी तहसीलदारांना पत्र देऊन वस्तीतच एक दिवसाचे शिबिर मागितले, तेवढ्यासाठी मात्र दोनदा स्मरणपत्र द्यावे लागले. कोणाला अर्जाचा मसुदा हवा असल्यास निरोप पाठवावा, मी देईन.

निळाई :
मसुदा मला हवा आहे. आमच्या शेजारच्या गावात मातंग वस्तीला अण्णा भाऊ साठे यांचे नाव हवे आहे आणि सरकारने सुचवलेल्या नावांत ते नसल्याने प्रस्ताव अडला आहे, असे तिथली मुले सांगतात. वकील साहेब, सुचवलेल्या नावांबाहेरचे नाव घेता येते का, हे शासन निर्णय पाहून कृपया लिहावे.

वकील_नागपूर :
पाहून सविस्तर लिहितो. तोवर त्या मुलांना प्रस्ताव नाकारल्याचे कारण लेखी मागून घ्यायला सांगा. तोंडी नकारावर अपील करता येत नाही.